ऑब्व्हियस, पण कुणाला?

आपल्या कॉलेजात सगळ्यात जास्त वापरला जाणारा इंग्रजी शब्द कोणता? 'प्रॉक्सी' म्हणत असाल तर चूक. 'सबमिशन' म्हणत असाल तर तो सेमच्या शेवटच्या पंधरा दिवसांतला शब्द. बारा महिने तेरा काळ चालणारा शब्द एकच, 'ऑब्व्हियसली'! फळ्यावर चार ओळींचं इक्वेशन असतं, पाचव्या ओळीत त्यातल्या तीन टर्म गायब होतात आणि वर्गात आवाज घुमतो, "सो, ऑब्व्हियसली, दीज टर्म्स आर झिरो." कट्ट्यावर विचारावं, "रात्री मॅच बघायला येणार का?" तर उत्तर, "ऑब्व्हियसली यार!" मेसमध्ये झाकण उचलून कुणी कण्हतो, "आज परत बटाटा?" आणि मागच्या रांगेतून तीन जण एका सुरात, "ऑब्व्हियसली!"

मी मराठी माध्यमाचा. दहावीपर्यंत इंग्रजीशी गाठ पडायची ती फक्त इंग्रजीच्या तासाला, आणि तो तास पी.टी.च्या सरांनी मागून घेतला नाही तरच. त्यामुळे फर्स्ट इयरला आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर अडलेले शब्द लिहून ठेवायची सवय लागली. महिन्याभरात त्या पानावर एक गंमत दिसली. ऑब्व्हियस, एव्हिडंट, अपॅरंट, क्लिअर, प्लेन, मॅनिफेस्ट, पेटंट... असे सात शब्द, आणि माझ्या खिशातल्या डिक्शनरीत सातांपुढे अर्थ तोच : 'उघड, स्पष्ट'. पंगतीत सात ताटं आणि सगळ्यांना एकाच डावानं एकच आमटी!

आता अर्थ एकच असेल तर इंग्रजांनी सात शब्द कशाला सांभाळले असतील? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. पी.एल. मध्ये अभ्यास सोडून कशातही मन रमतं हे आपण सारे जाणतोच. तेव्हा लायब्ररीतली ती जाडजूड, शब्दांच्या जन्मकथा सांगणारी डिक्शनरी काढली आणि बसलो. जे सापडलं ते तुम्हाला हॉस्टेलच्या भाषेत सांगतो.

समजा, दिवाळीहून परतलेल्या एका मित्रानं घरून बेसनाच्या लाडवांचा डबा आणलाय आणि तुम्ही त्याच्या रूमवर गेलात.

मित्र समोर कॉटवर पसरून घोरतोय. तो गावाहून आलाय हे 'ऑब्व्हियस'. लॅटिनमध्ये 'ऑब' म्हणजे समोर, आडवं आणि 'व्हिया' म्हणजे वाट. वाटेत आडवं आलेलं ते ऑब्व्हियस. शोधावं लागत नाही, उलट ठेच लागते.

मित्र रूमवर नाही, पण टेबलावर एस.टी.चं तिकीट आहे, दोरीवर ओला टॉवेल आहे, कोपऱ्यात न उघडलेली बॅग आहे. तो आलाय हे आता 'एव्हिडंट'. या शब्दाच्या पोटात 'पाहणे' हे क्रियापद आहे, आणि त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे 'एव्हिडन्स', पुरावा. इथं डोळ्यांना पुरावा दिसतो आणि निष्कर्ष डोकं काढतं. आपल्याकडे न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान असा भेद करतात ना? डोंगरावर धूर दिसला की तिथं आग असणार, ते अनुमान. ऑब्व्हियस प्रत्यक्षाच्या जवळ बसतो, एव्हिडंट अनुमानाच्या.

रूमला कुलूप नाही, दिवा चालू, पंखा चालू. मित्र आत असावा असं वाटतं. हे झालं 'अपॅरंट'. दिसतं खरं तसं, पण आपल्या हॉस्टेलवर दिवा-पंखा चालू ठेवून लोक गावाला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. (लाइट बिल कोण भरतं, हा वेगळा विषय.)

डबा टेबलावर सताड उघडा पडलाय. तो 'पेटंट'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच उघडं असणं. म्हणून धडधडीत खोटं बोलण्याला इंग्रजीत 'पेटंट लाय' म्हणतात.

डबा रिकामा, आणि शेजारच्या रूमचा एक बहाद्दर दारामागे, हातात अर्धा लाडू! हे 'मॅनिफेस्ट'. यातल्या 'मानुस' या लॅटिन तुकड्याचा अर्थ हात. रोमन कायद्यात चोरीचे दोन प्रकार होते. चोर जागेवर रंगेहाथ पकडला गेला तर ती मॅनिफेस्ट चोरी, दंड चौपट. नंतर सापडला तर ती मॅनिफेस्ट नव्हे, दंड दुप्पट. म्हणजे हा नुसता 'उघड' नाही, हा 'मुद्देमालासह उघड'.

आणि डब्याचा मालक उठून म्हणाला, "माझे लाडू खाल्लेस. पैसे टाक." हे 'प्लेन'. लॅटिनमधला मूळ शब्द सपाट या अर्थाचा. चढ नाही, उतार नाही, आडपडदा नाही.

राहिला 'क्लिअर'. त्याच्याकडे जरा वेळानं येतो, कारण या लेखाचा जीव त्याच्यात आहे.

तुम्ही म्हणाल, एवढे बारकावे आपल्या मराठीत कुठे आहेत? आहेत की! फक्त ते नेहमी शब्दकोशातल्या जाड शब्दांत सापडत नाहीत, बोलण्यातल्या बारक्या शब्दांत सापडतात. 'अपॅरंटली' याचं सगळ्यात चोख मराठी मला विचाराल तर 'म्हणे'. "सोमवारचा पेपर पुढे ढकललाय म्हणे." म्हणजे मी ऐकलंय, हमी देत नाही, उद्या उलटं निघालं तर माझ्याकडे येऊ नका. 'एव्हिडंटली' म्हणजे 'दिसतंय'. "सर रजेवर दिसतायत, गाडी नाहीये." आणि 'ऑब्व्हियसली' म्हणजे आपला एकाक्षरी 'च'! "तो येणार" आणि "तो येणारच". एका अक्षरात सगळी शंका खल्लास.

आता आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा लाडका शब्द, अपॅरंट. आपल्या हॉस्टेलमागच्या जनरेटरच्या पाटीवर केव्हीए लिहिलेलं असतं. व्होल्टेज गुणिले करंट केलं की येते ती अपॅरंट पॉवर. प्रत्यक्ष काम करणारी पॉवर किलोवॅटमध्ये. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १०० केव्हीएमधून काम होतं ८० किलोवॅटचंच. पाठ्यपुस्तकात हिला आभासी शक्ती म्हणतात ते उगाच नाही. विहिरीचंही तेच. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणून सरळ वरून पाहिलं तर चार मीटर खोल पाणी तीन मीटरच दिसतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण म्हणजे अपॅरंट या शब्दाची व्याख्याच म्हणा ना!

पण गंमत पुढेच आहे. इंग्लंडच्या राजघराण्यात 'एअर अपॅरंट' म्हणजे ज्याच्या वारसाहक्काला कुणाच्या जन्मानं धक्का लागू शकत नाही असा पक्का वारस. चार्ल्स १९५२ पासून २०२२ मध्ये राजा होईपर्यंत एअर अपॅरंट होते. त्यांच्या आई एलिझाबेथ मात्र राणी होईपर्यंत 'एअर प्रिझम्प्टिव्ह', कारण धाकटा भाऊ जन्मला असता तर तो पुढे गेला असता. म्हणजे तोच अपॅरंट जनरेटरच्या पाटीवर 'दिसायला एवढी' आणि राजवाड्यात 'पूर्ण खात्रीचा'. शब्दाला घर बदललं की स्वभाव बदलतो, हॉस्टेलवर आलेल्या मुलासारखा.

बरं, जे उघड दिसतं ते सिद्ध करायला सोपं असतं का? तेही नाही. फळवाला संत्री कशी रचतो ते पाहा. खालच्या चार संत्र्यांच्या मधल्या खळग्यात वरचं एक. यापेक्षा दाट रचना होणार नाही असं केप्लरनं १६११ मध्ये लिहून ठेवलं. या रचनेत जागेचा सुमारे ७४ टक्के भाग भरतो. कुठल्याही फळवाल्याला विचारा, तो म्हणेल, "त्यात काय विशेष?" पण त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी मांडली ती १९९८ मध्ये, कॉम्प्युटरच्या मदतीनं. ती इतकी अवाढव्य होती की तिची ओळ न् ओळ पुन्हा कॉम्प्युटरकडूनच तपासून घेण्याचं काम पुरं व्हायला २०१४ उजाडलं. फळवाल्याला एका नजरेत दिसलेली गोष्ट गणिताला पटायला चारशे वर्षं लागली.

उलटही घडतं. लाप्लासनं ग्रहगोलांच्या गतीवर प्रचंड ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या नॅथॅनिएल बाउडिचनं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८२९ ते १८३९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झालं. बाउडिच म्हणत असे की, लाप्लासनं 'हे उघड दिसते' असं लिहिलेलं भेटलं की मधली गाळलेली जागा भरायला आपल्याला कित्येक तास घासावी लागणार हे मी ओळखतो. वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे फळ्यावरच्या चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधल्या दरीत पडणारे आपण पहिले नाही. तिथं आपल्याआधी थोर माणसं पडून गेली आहेत.

आता 'क्लिअर'कडे येतो.

आपल्याकडे शिकवताना दोन प्रश्न विचारले जातात. एक, "इज इट क्लिअर?" आणि दुसरा, "इजन्ट इट ऑब्व्हियस?" मराठीत दोन्हींचं भाषांतर साधारण 'कळलं ना?' असंच होईल. पण नीट ऐका. काचेवर धूळ असेल तर काच पुसणाऱ्यानं पुसायची असते, पाहणाऱ्यानं नव्हे. "इज इट क्लिअर?" विचारणारा म्हणतोय, मी काच पुसलीय, अजून धूसर असेल तर सांगा, परत पुसतो. "इजन्ट इट ऑब्व्हियस?" विचारणारा म्हणतोय, गोष्ट तुझ्या वाटेत आडवी पडलीय, तरी दिसत नसेल तर दोष तुझ्या डोळ्यांचा. पहिल्या प्रश्नाला "नाही" म्हणता येतं. दुसऱ्याला "नाही" म्हणायला छाती लागते. साठ जणांच्या वर्गात, नवीन शहरात, तोडक्या इंग्रजीत, तेवढी छाती फार थोड्यांकडे असते.

माझ्या फर्स्ट इयरच्या रूममेटकडे ती होती. निदान पहिले दोन महिने तरी.

तो सांगली जिल्ह्यातल्या एका वाडीवरचा. बेसिक इलेक्ट्रिकलच्या तासाला त्यानं हात वर करून, मनातल्या मनात तीन वेळा जुळवलेल्या इंग्रजीत विचारलं, "सर, इंडक्टरमध्ये करंट मागं का राहतो?" सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दॅट्स ऑब्व्हियस. सिलॅबस पुढे न्यायचाय." वर्ग हसला. एवढंच. सर वाईट नव्हते, तो शब्द त्यांच्या तोंडी बसलेला होता, वर्गही काही दुष्टपणे हसला नव्हता. पण त्या दिवसानंतर त्या मुलाचा हात कुठल्याही तासाला वर गेलेला मी पाहिला नाही. रात्री मी दोन-तीनदा म्हणालो, चल, आपण जाऊन विचारू केबिनमध्ये. तो म्हणायचा, "नको मर्दा. समद्यांना कळतंय म्हंजी माझ्यातच खोट आसंल."

खरं तर त्याचा प्रश्न ऑब्व्हियस अजिबात नव्हता. इंडक्टरवरचं व्होल्टेज करंट किती आहे यावर ठरत नाही, करंट किती वेगानं बदलतोय यावर ठरतं. करंट शिखरावर असतो तेव्हा तो क्षणभर बदलत नसतो, म्हणून नेमकं तेव्हाच व्होल्टेज शून्य. म्हणजे व्होल्टेजचं शिखर आधी येऊन गेलेलं असतं, करंटचं मागाहून येतं. तीन वाक्यं. मिनिटभराचं काम.

त्याच सेममध्ये लॅबमधला एक प्रसंग. सिंगल फेजची मोटर होती. स्विच टाकला तर नुसती 'हूंऽऽ' करत राहिली, फिरेना. आम्ही सगळे हुशार लोक सप्लाय तपासतोय, कनेक्शन बघतोय, मॅन्युअल उघडतोय. हा सगळ्यात मागे उभा. तिथूनच म्हणाला, "कपॅसिटर गेलाय. बंद करा आधी, वायंडिंग जळंल." लॅब असिस्टंट काकांनी कपॅसिटर बदलला. मोटर फिरली. आम्ही तोंड वासून! तुला कसं कळलं म्हटलं, तर तो खरोखरच गोंधळला. "त्यात काय येवढं? आवाजावरनंच कळतंय की!"

घरच्या आडावरची मोटर तो सातवीपासून सांभाळत होता. त्याच्या वाटेत ती गोष्ट शंभरदा आडवी आली होती. आमच्या वाटेत कधीच नाही. आमच्या वाटेत क्लासच्या नोट्स, सी.ई.टी.चे प्रश्नसंच. आणि नीट पाहिलं तर दोन्ही ऑब्व्हियस गोष्टी एकाच दोरीची दोन टोकं होती! एकटी वायंडिंग असली की नुसतं मागेपुढे हेलकावणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते मोटर जागची उठवू शकत नाही. दुसऱ्या वायंडिंगमधला करंट पुढे ढकलायला कपॅसिटर लागतो. म्हणजे करंट मागे का राहतो, पुढे का जातो, हाच प्रश्न. सरांना त्याची थिअरी उघड होती, याला त्याचा आवाज उघड होता. मधली तीन वाक्यं कुणी बोललं असतं तर दोन्ही टोकं जुळली असती.

ती जुळली नाहीत. पहिल्या वर्षी त्याची वाय.डी. लागली आणि तो गावी गेला तो परत आलाच नाही. आता तालुक्याच्या ठिकाणी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, चांगलं चालतं, माझ्यापेक्षा आधी कमावता झाला. रडगाणं गायचं नाहीये मला. पण त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, हेही खरं आहे. एका शब्दामुळे तो गेला असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच असतात. मात्र त्याचा वर जाणारा हात खाली आला तो त्या शब्दानं, हे मी शेजारी बसून पाहिलंय.

आणि तेव्हापासून 'ऑब व्हिया'चा खरा अर्थ मला लागला. वाटेत आडवं आलेलं ते ऑब्व्हियस, ठीक आहे. पण कुणाच्या वाटेत? हा शब्द तेवढं सांगायचं टाळतो. 'अमुक गोष्ट जड आहे' या वाक्यात गोष्टीबद्दल माहिती असते. 'अमुक गोष्ट ऑब्व्हियस आहे' या वाक्यात बोलणारा कुठल्या रस्त्यानं आला त्याची माहिती असते.

'कुणाला?' हा प्रश्न न चुकता विचारणारी एक जागा आहे, पेटंटचा कायदा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात शोधाची अट अशी की, तो त्या विषयातल्या जाणकार माणसाला ऑब्व्हियस असता कामा नये. पाहा, 'जाणकार माणसाला' हे शब्द तिथं स्पष्ट घातलेत! टर्निंगसाठी भांडी लेथवर पकडून ठेवण्याच्या एका युक्तीचं पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये याच कसोटीवर टिकू दिलं नाही. अमेरिकेत २००७ मध्ये गाडीच्या पुढेमागे सरकणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याच्या पेटंटचंही तेच झालं. तिथं वकील, तज्ज्ञ, न्यायाधीश सगळे मिळून वर्षानुवर्षं कीस पाडतात की बुवा त्या काळी, त्या माणसाला, हे उघड होतं का? कारण कोडं सुटल्यावर सगळ्यांनाच सोपं वाटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. व्हायवातून बाहेर आल्यावर आपल्याला नाही का सगळी उत्तरं ऑब्व्हियस वाटत! आणि भाषेची फिरकी बघा : पेटंट मिळायचं तर गोष्ट ऑब्व्हियस नसावी लागते, आणि 'पेटंट' शब्दाचाच एक अर्थ उघड! तो आला 'लेटर्स पेटंट'वरून, म्हणजे राजानं सगळ्यांसाठी जारी केलेलं खुलं पत्र. शोध जगापुढे खुला करून सांग, मग वीस वर्षं हक्क तुझा, असा सौदा. उघड असणं हे आधी सांगावं लागतं, असाही त्याचा अर्थ लावता येईल.

असो. फार ताणत नाही. ज्युनिअर मंडळींना दोन कामाच्या गोष्टी सांगतो. जर्नलच्या कन्क्लूजनमध्ये 'ग्राफवरून ऑब्व्हियस आहे' लिहू नका, 'एव्हिडंट' लिहा. तुम्ही रीडिंग घेतलीत, पुरावा दिलात, त्याचा मान त्या शब्दात आहे. (रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली असतील तर 'अपॅरंट' हा शब्द तुमच्यासाठीच राखून ठेवलाय.) आणि तासाला कुठे अडलात तर "कळलं नाही" म्हणायला जड जातं, हे मान्य. त्याऐवजी म्हणा, "सर, मधली एक पायरी दाखवता का?" बहुतेक सर दाखवतात. आमच्या थर्ड इयरच्या एक मॅडम तर प्रत्येक पायरीनंतर थांबून "क्लिअर?" विचारायच्या आणि खरंच उत्तराची वाट बघायच्या. त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावरचे हातसुद्धा वर जायचे.

आपल्याकडे म्हण आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला? अगदी बरोबर. पण काकण ज्याच्या हातात त्याला आरसा नको. शेवटच्या बाकावर बसलेल्याला ते दिसायचं तर कुणीतरी हात जरा वर करून दाखवावा लागतो. दाखवायला मिनिटभर पुरतं.